कात्री सरकारची, कसोटी घरची

२०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे एक जनहित याचिका सुनावणीस आली. याचिकाकर्त्या नागपुरातीलच एक वकील होत्या. चित्रगृहात लागणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्र लागते. मग तेच चित्र हातातल्या मोबाइलवर आले की कोणतेच प्रमाणपत्र का लागत नाही, हा त्यांचा साधा, सरळ प्रश्न होता. वेब मालिकांतील अश्लीलता आणि हिंसा यांकडे त्यांनी न्यायालयाचे लक्ष वेधले होते. खंडपीठाने केंद्र सरकारला नोटीस बजावली आणि अशा मालिकांची पूर्वतपासणी करणारी यंत्रणा असावी काय, याचा विचार सुचविला.

त्यानंतरच्या वर्षांत बरेच काही घडले. नोव्हेंबर २०२० मध्ये ओटीटी वाहिन्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कक्षेत आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम झाले आणि प्रत्येक कार्यक्रमावर वयोगट लिहिणे बंधनकारक झाले. २०२३ मध्ये चलच्चित्र कायदा सुधारला गेला आणि जुन्या 'यूए' या एकाच पेटीचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन कप्पे झाले. मार्च २०२४ मध्ये अठरा आणि जुलै २०२५ मध्ये पंचवीस ओटीटी मंचांवर अश्लीलतेच्या कारणावरून सरकारने बंदी घातली. म्हणजे नागपूरच्या न्यायालयात विचारल्या गेलेल्या प्रश्नाला दिल्लीने उत्तर दिले. तरीही महाल असो वा धरमपेठ, नंदनवन असो वा प्रतापनगर, चौदा वर्षांचा मुलगा रात्री अकरा वाजता खोलीचे दार लोटून काय पाहतो, या प्रश्नाला अजून उत्तर नाही. ते दिल्लीकडून मिळणारही नाही.

स्वातंत्र्याचे ढोल आणि नागपूरचे न्यायमूर्ती

चित्रपटाला वयाचे बंधन घालण्याचा विषय निघाला की एक ठरलेला वर्ग ढोल बडवू लागतो. कलावंताच्या अभिव्यक्तीचा गळा घोटला जात आहे, 'संस्कृतिरक्षक' माजले आहेत, प्रेक्षक सुजाण आहे, ज्याला पाहायचे नसेल त्याने पाहू नये, ही त्यांची पाठ केलेली वाक्ये. सुजाण प्रेक्षक! तेरा वर्षांच्या मुलाला मतदानाचा हक्क नाही, वाहन चालविण्याचा परवाना नाही, करार करण्याची कायदेशीर पात्रता नाही. परंतु स्त्रीदेहाची विटंबना आणि रक्ताचे सडे पाहून त्यातून नेमका कलात्मक आशय वेचण्याइतका मात्र तो सुजाण आहे, असे या मंडळींना म्हणायचे आहे काय?

या वर्गाने एक जुना निवाडा पुन्हा वाचावा. चित्रपट दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास हे डाव्या विचारांचे. 'चार शहर एक कहानी' या त्यांच्या माहितीपटाला मंडळाने केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १९७० मध्ये निकाल लागला. तो लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूरच्याच वकीलवर्गातून पुढे आलेले आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. पुस्तक किंवा भाषण यांच्यापेक्षा चित्रपट मनाला अधिक खोलवर हलवतो आणि मुले व किशोर यांच्यावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो, कारण पडद्यावरचे ते चटकन खरे मानतात. म्हणून चित्रपटाला वेगळा न्याय लावणे आणि प्रेक्षकांची वयानुसार विभागणी करणे घटनाबाह्य नाही, असा त्या निवाड्याचा आशय आहे. हे सांगणारा कोणी 'प्रतिगामी' नव्हता. देशाचा सरन्यायाधीश होता आणि त्याचा निवाडा आजही पायाभूत मानला जातो.

त्याच निवाड्याचा दुसरा अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो आजच्या बहिष्कारवीरांनी वाचायला हवा. विषय अप्रिय आहे एवढ्यावरून चित्रपट आक्षेपार्ह ठरत नाही. तो विषय कसा हाताळला हे पाहिले पाहिजे आणि कलेला पुरेशी मोकळीक दिली पाहिजे, असेही न्यायालयाने त्यात बजावले. एक अर्धा भाग डावे विसरतात, दुसरा अर्धा उतावीळ उजवे विसरतात. किशोरांच्या हिताचा विचार मात्र हे दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय होत नाही.

कलेचा मुखवटा, गल्ल्याचा चेहरा

स्वातंत्र्याच्या या घोषणांमागे पुष्कळदा कला नसते, गल्ला असतो. जानेवारी २०२२ मध्ये महेश मांजरेकर यांच्या एका मराठी चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. जयंत पवार यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट. गिरणगावाची वाताहत आणि त्या ढिगाऱ्यात वाढणारी पोरे हा त्याचा विषय. आणि तो विषय मराठी समाजाने टाळावा असा मुळीच नाही. चित्रपटाला प्रमाणपत्रही 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे होते. पण झलक? ती इंटरनेटवर, म्हणजे कोणत्याही वयाच्या कोणत्याही पोराच्या मोबाइलवर. अल्पवयीन पात्रांना प्रौढ स्त्रीसोबत दाखविणाऱ्या दृश्यांवर संतापाची लाट उसळली. राष्ट्रीय महिला आयोगाने मंत्रालयाला पत्र लिहिले. ओरड वाढल्यावर ती झलक मागे घेण्यात आली.

यातून एकच प्रश्न विचारावासा वाटतो. चित्रपट प्रौढांसाठी आहे हे निर्मात्यांना ठाऊक होते, तर त्यातले सर्वांत भडक तुकडे वेचून ते सर्वांच्या पुढ्यात का टाकले गेले? गिरणी कामगाराच्या दुःखाला त्याची गरज होती की तिकीट खिडकीला?

दुसरे उदाहरण हिंदीतले. डिसेंबर २०२३ मध्ये 'ॲनिमल' हा चित्रपट 'ए' प्रमाणपत्रासह चित्रगृहांत लागला. कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांना दारातच अडविणे चित्रगृहाचे काम होते. परंतु दोन महिनेही उलटले नाहीत तोच, २६ जानेवारी २०२४ रोजी, प्रजासत्ताकदिनाच्या मुहूर्तावर, तोच चित्रपट नेटफ्लिक्सवरून घराघरांत पोहोचला. चित्रगृहाच्या दारावर पहारेकरी होता. घराच्या दारावर कोण होते? स्त्रीला धाकात ठेवणे म्हणजे पौरुष आणि समोरच्याला ठेचणे म्हणजे पितृप्रेम, असे समीकरण तीन तासांहून अधिक काळ डोळ्यांपुढे नाचविणारा नायक मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या मनात कोणती बीजे पेरून जातो, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ कशाला हवा?

कात्रीला दोन धारा असतात

मग उपाय काय? सरकारने आणखी कात्री चालवावी, ही मागणी सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय आहे. हिंदुत्वाच्या विचाराने चालणाऱ्या कुटुंबांनी मात्र ही मागणी करण्यापूर्वी जरा इतिहास आठवावा.

या देशात चित्रपटांवर नियंत्रण आणणारा पहिला कायदा इंग्रजांनी १९१८ मध्ये केला. त्यांना भारतीय मुलांच्या संस्कारांची चिंता लागली होती, असे कोणी समजू नये. १९२१ मधील 'भक्त विदुर' या मूकपटातील विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराची येथे त्यावर बंदी आली. प्रभात फिल्म कंपनीने शिवछत्रपतींच्या तोरणाविजयावर चित्रपट काढला, तेव्हा नावातला 'स्वराज्य' हा शब्दच सेन्सॉरला सोसला नाही. १९३० मध्ये व्ही. शांताराम यांना तो 'उदयकाल' या सौम्य नावाने प्रदर्शित करावा लागला. ज्या कात्रीने महाराजांचे स्वराज्य कापले, ती कात्री किशोरांच्या हिताची कशी म्हणावी?

स्वातंत्र्यानंतर तरी काय झाले? आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती आणि मूळ फितीसुद्धा नष्ट केल्या गेल्या. त्याच आणीबाणीत संघावर बंदी होती आणि हजारो स्वयंसेवक तुरुंगात होते. ज्यांच्या घरातील माणसांनी एकवीस महिने सत्तेची कात्री सोसली, त्यांनी ती कात्री अधिक धारदार करून मागावी, हे शहाणपणाचे नाही. आज ती ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती ती उद्या असेलच, याची हमी कोणी देत नाही. चित्रगृहाच्या काचा फोडणे, फलकांना डांबर फासणे हे तर त्याहून पोरकट. काच फुटते, त्या चित्रपटाची फुकटची जाहिरात होते आणि काच फोडणाऱ्याच्याच घरात त्याचा मुलगा तो चित्रपट मोबाइलवर पाहत असतो.

प्रौढांनी काय पाहावे हा एक प्रश्न आहे आणि किशोरांनी काय पाहावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कात्री नाही, वयोगटाची स्पष्ट पाटी आहे. दुसऱ्याचे उत्तर त्या पाटीपलीकडे, घरात आहे.

कायदा उंबरठ्यापर्यंत येतो

हे म्हणणे केवळ भाबड्या आदर्शवादाचे नाही. खुद्द कायदा तेच सांगतो. २०२३ च्या दुरुस्तीनुसार 'यूए' गटातील वयाची पाटी पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे आणि पालकांवाचून अन्य कोणालाही ती बंधनकारक म्हणून राबविता येणार नाही. याचा सरळ अर्थ असा की 'यूए १६+' लिहिलेल्या चित्रपटाला वडील दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले, तर डोअरकीपर त्यांना अडवू शकत नाही. राज्याने हात जोडून सांगितले आहे: पुढचे तुम्ही पाहा.

आणि ते 'तुम्ही' काय पाहतात? २०२१ च्या नियमांनी तेरा वर्षांवरील वयोगटाच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलुपाची सोय सक्तीची केली. किती घरांत ते कुलूप लावले गेले? आणि जिथे लावले गेले, तिथे त्याचा पासवर्ड कोणी घातला? बहुतेक घरांत बाबांना ते जमत नाही म्हणून चिरंजीवांनीच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच.

पालकांचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. घरात पाहण्याचे नियम असतात ते मुलीला, मुलगा मोकळा. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा तो मुलींच्या डोक्यात काही भरवील म्हणून चिंतातुर झालेली घरे थोडी नव्हती. त्या चित्रपटाच्या शेवटी तरुण जोडप्याचा जीव घेणारे हात कोणाचे होते, त्या हातांना तसे शिकविणारे घर कसे होते, हा प्रश्न त्यातल्या किती घरांनी आपल्या मुलाला विचारला? मुलीला गाण्यापासून वाचवायचे आणि मुलाला त्या शेवटाचा अर्थ समजावायचाच नाही, याला संस्कार म्हणत नाहीत. ती केवळ प्रतिष्ठेची काळजी होय. जो चित्रपट सोळा वर्षांच्या मुलीला अयोग्य, तो सोळा वर्षांच्या मुलालाही अयोग्यच. आणि मुलाला योग्य तो मुलीलाही योग्य.

आपपरभाव नको

तिसरी गोष्ट कडू आहे, पण ती सांगितलीच पाहिजे. मार्च २०२२ मध्ये 'द काश्मीर फाइल्स' प्रदर्शित झाला. काश्मिरी हिंदूंच्या यातनांवर तीन दशके धरलेले मौन त्याने मोडले, याबद्दल वाद नाही. पण त्याचे प्रमाणपत्र 'ए' होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला आणि त्याने महाराष्ट्र ढवळून काढला. त्याला 'यूए १६+' हे प्रमाणपत्र होते. तरीही चिमुरड्यांना मांडीवर घेऊन आईबाप चित्रगृहांत गेले आणि हुंदके देणाऱ्या बालकांची चित्रणे मोबाइलवरून कौतुकाने फिरली.

'इतिहास कळला पाहिजे' हे त्यामागचे समर्थन. इतिहास कळलाच पाहिजे. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या मनात त्या रात्री संभाजी महाराज राहतात की केवळ तापलेल्या सळया? संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजपुत्र, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज या तीन सत्तांशी एकाच वेळी झुंजणारा छत्रपती, हे त्या बालकाच्या वाट्याला कधी येणार? त्याला आधी रायगडावर न्यावे, पोवाडा ऐकवावा, आजोबांनी गोष्ट सांगावी. बलिदानाचे ते भीषण पर्व तो सोळा वर्षांचा झाल्यावर समजून घेईल आणि मग ते त्याला भयभीत न करता उभे करील. धर्मवीराची गाथा अर्धवट वयात केवळ रक्ताच्या रूपाने मनात गेली, तर त्यातून शौर्य उगवत नाही. एक तर भीती उगवते किंवा आंधळा राग. दोन्ही राष्ट्राच्या उपयोगाचे नाहीत.

दुसऱ्यांच्या चित्रपटातील हिंसेला विकृती म्हणायचे आणि स्वतःला प्रिय असलेल्या चित्रपटातील हिंसेला संस्कार म्हणायचे, ही कसोटी नव्हे. तराजू एकच हवा. तो विचारसरणी पाहून झुकू लागला, की मुलाला ते सर्वांत आधी कळते. आणि मग त्या घरातील कोणत्याच नियमाला तो मान देत नाही.

भरतमुनींची कसोटी

मग योग्य-अयोग्य ठरवायचे कसे? यासाठी पाश्चात्त्यांच्या दारी जाण्याचे कारण नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रंगभूमीवर काय दाखवू नये याचा विचार आहे. चुंबन, आलिंगन, शय्या अशा गोष्टी रंगमंचावर वर्ज्य सांगताना मुनींनी दिलेले कारण फार मार्मिक आहे: नाटक पाहायला पिता, पुत्र, सून आणि सासू एकत्र बसलेली असतात. पापपुण्याचा धाक मुनी घालीत नाहीत. शेजारी कोण बसले आहे, एवढेच ते विचारतात. कलाकृतीची कसोटी त्यांनी एका ओळीत बसलेल्या कुटुंबावर लावली. आज कुटुंबातील चौघे चार खोल्यांत चार पडद्यांपुढे बसतात. ती ओळ मोडली आणि कसोटीही हरवली.

या कसोटीचा अर्थ विषय सोवळे असावेत असा होत नाही. १९३७ चा 'कुंकू' घ्या. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या तरुण मुलीचे दुःख, म्हणजे विषय थेट विवाहशय्येपर्यंत जाणारा. शांताराम बापूंनी आणि शांता आपटे यांनी तो असा मांडला की आजीला आणि नातीला शेजारी बसून पाहता यावा. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींचे राजकारण वेगळे होते म्हणून संघाच्या घरांनी श्यामची आई नाकारली नाही. 'शाळा'त आणीबाणीच्या काळातील कोवळे प्रेम आहे, त्याला कोवळेपणाची मर्यादाही आहे. 'फँड्री'त शिव्या आहेत, पण त्या शिव्यांमागे जातीने पोळलेल्या पोराचे मन आहे. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक घराने आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून तो दाखवावा आणि शेवटी भिरकावलेला दगड कोणाला लागला, हे त्याला विचारावे. आणि नागपूरकरांनी 'झुंड' विसरू नये. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांच्या हाती दगडाऐवजी चेंडू दिला, त्या कार्यावर बेतलेला तो चित्रपट. त्यात व्यसन आहे, चोरी आहे, भांडणे आहेत. पण माणूस वर येऊ शकतो ही श्रद्धाही आहे.

म्हणजे शिव्या मोजून, कपडे मोजून, रक्ताचे थेंब मोजून निवाडा होत नाही. पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. चित्रपटातील दुबळा, मग तो स्त्री असो, दलित असो वा बालक, माणूस म्हणून उभा आहे की वस्तू म्हणून पडलेला आहे? हिंसेला परिणाम आहे काय. मारणाऱ्याला कधी पश्चात्ताप आणि मेलेल्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी आहे काय? आणि चित्रपट संपल्यावर मुलाला नायकासारखे कोणते कृत्य करावेसे वाटेल? या तीन प्रश्नांना पाटी उत्तर देत नाही. ते उत्तर चित्रपट आधी स्वतः पाहिलेला बापच देऊ शकतो.

पितृधर्म

इथे 'बाप' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मुलांनी काय पाहावे ही जबाबदारी बहुतेक घरांत आईच्या गळ्यात टाकलेली असते. बाबा रात्री उशिरा येतात, बैठका असतात, कार्यालय असते. आणि स्वयंसेवक असतील तर शाखा असते, संपर्क असतो. समाजाची घडी बसवायला निघालेल्या कार्यकर्त्याने स्वतःच्या मुलासोबत शेवटचा चित्रपट कधी पाहिला, हे त्याने आठवून पाहावे. ज्याला हे आठवत नाही, त्याने संस्कृतीच्या ऱ्हासावर बौद्धिक देण्यापूर्वी एक संध्याकाळ घरी काढावी.

संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, एकत्र जेवावे, बोलावे, ही त्यातील सूचना. त्या बैठकीत महिन्यातून एक चित्रपट बसवावा. तो आधी आईवडिलांपैकी एकाने पाहिलेला असावा. नंतर सर्वांनी मिळून पाहावा, मोबाइल बाजूला ठेवून. आणि मग अर्धा तास मुलांना बोलू द्यावे, मोठ्यांनी ऐकावे. मुलाचे मत पटले नाही तरी त्याला मध्येच तोडू नये. 'नाही' म्हणायचे असेल तेव्हा त्याचे कारण सांगावे. कारण न सांगता घातलेली बंदी मुलगा मित्राच्या मोबाइलवर मोडतो आणि कारण पटलेली बंदी तो एकटा असतानाही पाळतो. पासवर्ड मात्र स्वतः शिकून स्वतः घालावा. ते अवघड नाही.

पडद्यावर काय दिसणार हे बाजार ठरवील, त्यावर कोणती पाटी लागणार हे सरकार ठरवील. मुलाच्या शेजारी कोण बसणार, हे ठरविण्याचा अधिकार अजून कोणी हिरावून घेतलेला नाही. तो न वापरता संस्कृती बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांनी आपल्याच दिवाणखान्यात एकदा नजर टाकावी. तिथली खुर्ची रिकामी असेल, तर दोष कोणत्याही दिग्दर्शकाचा नाही.